घाटावरचा आणि घाटी

कोकणातली जुनी माणसं पुण्या-साताऱ्याकडच्या सोयऱ्यांना 'घाटावरचे' म्हणतात. त्यात पत्ता असतो, फार तर भाकरी ज्वारीची की तांदळाची एवढा फरक असतो. बोरघाट चढून लोणावळ्यात आलं की घाटावर आलो, इतका साधा हिशेब. तोच माणूस घाट उतरून मुंबईत हमाली किंवा घरकाम करू लागला आणि 'घाटी' झाला. घाट तोच, पण त्या 'ई'मध्ये मालकाने नोकराकडे बघावं तशी नजर आहे. गोव्यातही तो शब्द असाच लागतो. बोरघाटातल्या राजमाची पॉइंटवर मात्र उत्तरेकडचा प्रवासी समोरच्या दरीला कौतुकाने 'घाटी' म्हणतो. त्याच्या हिंदीत त्या शब्दाला कसलाच डंख नाही.

मुंबईच्या इंग्रजीनेही हा शब्द उचलला. 'सो घाटी' म्हणजे कपडे भडक, उच्चार गावठी, वागणं अडाणी. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा घाट नसतोच. इंग्रजांनी तर घाट या वाटेच्या नावावरून अख्ख्या सह्याद्रीलाच 'वेस्टर्न घाट्स' करून टाकलं, आणि 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत तो याच नावाने गेला. डोंगराच्या नावाला प्रतिष्ठा मिळाली, तिथल्या माणसाच्या नावाला मात्र नाही.

याच मुलखातल्या माणसाला इतिहासात 'मावळा' म्हणतात. आंदर, नाणे, पवन ही मावळं लोणावळ्याच्या आसपासचीच. मावळा हे नावही मुलखावरूनच पडलं. शिवरायांच्या सैन्यात शोभलेल्या त्या माणसाचा वंशज मुंबईत ओझी वाहू लागल्यावर घाटी ठरला, यात त्याचं काय बदललं होतं? बदललं होतं ते त्याचं काम आणि ते काम देणारा.

मुंबई तर घाटावरच तगली. 1863 मध्ये खंडाळ्यापर्यंतची चढण रेल्वेने जिंकली, ती 25 बोगदे खणून. 1861 च्या सुमारास त्या कामावर 40 हजारांहून अधिक मजूर होते आणि पटकीने, अपघातांनी हजारो गेले. 1915 पासून लोणावळ्याच्या वळवणसारख्या तलावांचं पाणी खोपोलीला उतरून गिरण्यांना वीज देऊ लागलं. त्या तलावांखाली इथल्याच शेतकऱ्यांच्या जमिनी आहेत.

आज 'सो घाटी' म्हणणाऱ्या कितीतरी मुलांचे आजे-पणजे जुन्नर, मावळ, साताऱ्याहून हाच घाट उतरलेले असतील. हा शब्द त्यांच्या तोंडी गमतीने आला, तरी मला राग येतो, आणि मी त्यांना तसं सांगतो.