रेंज आणि पाटी

बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले तेव्हा मी लई खूश होतो. २०२० च्या डिसेंबरात परितेवाडीच्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, अन् त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना दिली. आम्हा झेडपीच्या मास्तरांना हुरूप आला. पण तेव्हा पोरं शाळेत नव्हती. कोरोनानं शाळांना कुलूप. मी तिसरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ टाकायचो, वह्यांचे फोटो मागवायचो.

एका पोरीचा फोटो कधीच आला नाही. मी वहीत तिच्या नावापुढं लाल फुली मारत गेलो. महिनाभर.

मग एकदा तिच्या घरी गेलो. म्हातारी आजी दारात बसलेली. म्हणाली, “फोन बापासंगं गेला की गुरुजी, ऊसतोडीला. पोर रोज पाटी पुसून तुमची वाट बघती.”

व्हिडिओ बंद करावेत तर बाकीची अठरा पोरं काय म्हणून खोळंबावीत? चालू ठेवावेत तर ही मागं पडणार, ते बी माझ्या हातानं. अठरांचं भलं मोठं, हे गणित मला पटतं. पण तिच्या अंगणात उभं राहून ते बोलवत नाही.

पुढं दर बुधवारी, शनिवारी मी खडू घेऊन तिकडं जायचो. ती वही अजून माझ्या ट्रंकेत आहे. फुल्या मात्र मी खोडलेल्या नाहीत.