तहान कोणाची आधी?



2019 च्या दुष्काळात बीड-सोलापूरकडच्या चारा छावण्यांत जनावरांसाठी टँकरने पाणी न्यावे लागले. दुभती गाय दिवसाला 60-70 लिटर पाणी पिते. 10,000 लिटरचा टँकर जेमतेम दीडशे गायींना पुरतो. मुक्या जिवाला पाणी पाजणे हा धर्मच आहे. पण टँकर भरतो कोणाच्या तरी विहिरीवर. तिथे हंडा घेऊन ताटकळणाऱ्या बाईचे काय? शब्बाथ दिवशी बैलाला पाण्यावर नेणाऱ्यांना येशूने हेच विचारले: मग 18 वर्षे वाकलेल्या ह्या स्त्रीला का सोडवू नये? (लूक 13:10-17) म्हणून आपण आधी विहिरीवरचे हंडे भरू द्यावेत, मग गोठ्यासाठी टँकर भरावा. भाडे आपण देतो. पाणी देवाने सर्वांना दिले आहे.