काट्यांची रांग कोणी मांडली?

मेजवानीच्या टेबलावर बशीच्या दोन्ही अंगांना लागलेल्या काट्यासुऱ्या पाहिल्या की ही रीत थेट राजवाड्यातून आली असणार, असे आपण धरून चालतो. पण युरोपात दरबारी शिष्टाचार ज्याने कळसाला नेला, तो फ्रान्सचा चौदावा लुई बोटांनी जेवत असे. नातवांना त्यांच्या शिक्षकाने काटा धरायला शिकवले, तर राजाने आपल्या पंक्तीला त्याची मनाई केली, असे त्याची भावजय एलिझाबेथ शार्लोट हिने लिहून ठेवले आहे. त्याच्या व्हर्सायच्या राजवाड्यात नियमांचा काच कमी नव्हता. पण ते नियम माणसांच्या पायरीचे होते. राजा जाहीरपणे जेवताना कोणी बसायचे, कोणी उभे राहायचे, रुमाल कोणी पुढे करायचा, हे ठरलेले असे. तो रुमाल ज्या जहाजाच्या घाटाच्या पात्रात ठेवत, त्याच्यासमोरून जाणारे दरबारी त्यालाही लवून वंदन करत! हातात कोणते उपकरण धरायचे, हा प्रश्न या व्यवस्थेत दुय्यमच होता.

शिवाय राजाची चांदी म्हणजे अडीनडीचा खजिना. १६८९ मध्ये युद्धाचा खर्च भागेना, तेव्हा लुईने व्हर्सायमधले चांदीचे फर्निचर टांकसाळीत वितळवले. १७०९ मध्ये दरबाऱ्यांच्या भांड्यांवर पाळी आली आणि उमराव मातीच्या झिलईदार बशांकडे वळले. मोड दिली की घडणावळ बुडते, हे कोणताही सराफ सांगेल. ती बुडवून घ्यायला राजा तयार होता, यावरून त्याच्या लेखी घाटापेक्षा वजन मोठे होते हे कळते.

यावर कोणी म्हणेल, रशियाच्या कॅथरीनने १७७० मध्ये पॅरिसला मागवलेल्या ऑर्लोव्ह संचात सुमारे ३००० नग होते, त्याचे काय? त्या संचाची शान होती ती टेबलाच्या मध्यावरच्या सूपपात्रांत, झाकणीच्या भांड्यांत, मेणबत्तीदाण्यांत. तेव्हाच्या फ्रेंच पद्धतीत एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम मांडत आणि पाहुणे हाताशी येईल ते घेत. श्रीमंती मध्यावर दिसे. एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत रुजली. तिचे श्रेय बहुधा १८१० च्या सुमारास पॅरिसमध्ये रशियाचे राजदूत असलेल्या कुराकिन यांना देतात. पदार्थ एकामागून एक, नोकरांच्या हातून येऊ लागले. मधली जागा फुलांना मोकळी झाली आणि प्रत्येक पदार्थाचे हत्यार आधीच बशीशेजारी मांडून ठेवणे सोयीचे झाले. एवढी हत्यारे परवडणार कशी? तो प्रश्न स्वस्त धातूवर विजेने चढवलेल्या चांदीच्या मुलाम्याने सोडवला. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने १८४० मध्ये त्याचे पेटंट घेतले, फ्रान्समध्ये क्रिस्तोफ्लने तो धंदा वाढवला आणि माशाची सुरी, फळाचा काटा मध्यमवर्गाच्या कपाटात पोचले. खुद्द तिसऱ्या नेपोलियननेही तुइलरी राजवाड्यासाठी क्रिस्तोफ्लचा मुलामा दिलेला संच घेतला.

समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलिआस यांनी १९३९ मध्ये मांडले, की जेवणातला संयम दरबारातून खाली झिरपला. संयमापुरते ते मला पटते. काट्याची सवय वरच्या थरांतूनच पसरली. पण हत्यारांची संख्या आणि त्यांचा क्रम झिरपलेला नाही, तो दुकान आणि स्वयंपाकघर यांच्या सोयीने घडला. आणि मग तो वर चढला. चौथ्या जॉर्जने युवराज असताना मागवायला सुरुवात केलेला, ४००० हून अधिक नगांचा सोनेरी मुलाम्याचा संच ब्रिटिश राजघराणे आजही शाही मेजवानीला काढते. भांडी जुन्या फ्रेंच पद्धतीच्या काळातली, तर फूटपट्टीने अंतर मोजून केलेली त्यांच्याभोवतीची मांडणी रशियन पद्धतीची, म्हणजे राजवाड्याने नंतर उचललेली.