सक्तीचा रहिवास

परदेशी पदवीधरांसारख्या कुशल माणसांनी सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून अन्यत्र राहावे, अशा अटीचा पाच वर्षांचा परवाना ऑस्ट्रेलियाने २०१९ साली सुरू केला. तीन वर्षे अट पाळली की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. परंतु अट पाळणारा त्या गावाचा होतो काय? जबलपुरास १९०४ साली गन कॅरिज फॅक्टरी निघाली. येथे नोकरीपुरते आलेल्यांपैकी कोणी निवृत्तीचे दिवस मोजीत राहिले, कोणी शेजाऱ्याच्या तिरडीला खांदा दिला. हुकूम दोघांनीही सारखाच पाळला. सरकारला याहून अधिक मागण्याचा अधिकार नाही, असे मला वाटते. शेजाऱ्याला मात्र आहे; आणि उद्या निघून जाणाऱ्याकडेही (बदलीवरचे आपण सारे त्यांतलेच) त्याने ते निःसंकोच मागावे.