मोजणी आणि भाव

आजवर किती वाऱ्या झाल्या, असे कोणी विचारले की उत्तर देताना आपला आवाज जरा चढतोच. आकड्याचा हा गुणच आहे. ज्याच्यासाठी पायी चाललो तो बाजूला राहतो आणि चालणारा पुढे येतो. म्हणून जुनी मंडळी म्हणत, केलेल्या सेवेचा हिशेब ठेवू नये. मग मोजणेच वाईट समजायचे काय?

मला तसे वाटत नाही. का, ते पाहायला उजनीच्या काठावर जावे लागेल.

जे भीमेचे पाणी पंढरीत चंद्रभागा म्हणून आपण मस्तकी लावतो, ते वर उजनी धरणात अडते. तिथे हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. कीर्तनात ज्याच्या विरहाचा दृष्टांत आपण ऐकतो तो चक्रवाकही याच दिवसांत तिथे असतो. (दृष्टांत ऐकणाऱ्याने तो एकदा डोळ्यांनी पाहावा, असे माझे म्हणणे आहे.) आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. मोजणारे कोण? शिक्षक, विद्यार्थी, नोकरदार. पगार नाही, मानधन नाही. थंडीत पहाटे उठून दुर्बीण घेऊन काठावर उभे राहायचे.

हजारांचा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी शंभर पक्षी नीट मोजायचे, ते केवढी जागा व्यापतात हे नजरेत धरायचे आणि त्या मापाने उरलेला थवा मापायचा. मध्येच थवा उडाला की पुन्हा पहिल्यापासून. चारशेचे सहाशे लिहिले तर पकडणार कोण? बहुतेक वेळा कोणीच नाही. आणि खरी कसोटी त्याहून पुढे आहे. मागच्या वर्षी जिथे पक्षी होते तिथे यंदा एकही नसेल, तर तिथे शून्य लिहायचे असते. एवढ्या लांब आलेल्या माणसाच्या हाताला ते शून्य जड जाते. पण ते टाळले, तर ओस पडत चाललेले तळे कागदावर भरलेले दिसते. त्या खोट्याचा भार पक्ष्यावर पडतो आणि त्याला तक्रार करता येत नाही. अंतरीचा साक्षी म्हणून आपण जे निरूपण करतो, ते इथे नुसत्या आकड्यात उतरते. मोजणाऱ्यांत कोणी देव मानत नसेलही. त्याने माझे काही अडत नाही.

अमेरिकेत पूर्वी नाताळच्या दिवशी शिकारीची चढाओढ लागे. दोन तट पाडायचे, दिसेल ते मारायचे, ज्याचा ढीग मोठा तो जिंकला. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाने सुचवले की त्या दिवशी मारण्याऐवजी पक्षी मोजावेत. पहिल्या वर्षी २७ माणसे निघाली. ती गणना आजही चालते. पाहा, मोजणी आधीही होतीच! मेलेले पक्षी मोजत, ते आपल्या मोठेपणासाठी. आता जिवंत मोजतात, आणि मोजून झाल्यावर पक्षी ज्याचा त्याचा उडून जातो. मोजणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. क्रिया तीच, भाव पालटला.

नुसते मोजून पक्षी वाचत नाहीत, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण किती होते हेच ठाऊक नसेल, तर किती गेले हे कोण सांगणार?

माघवारीच्या सुमारास सोलापूर रस्त्याने जाताना भिगवणच्या बाजूला अशी मंडळी दिसली तर थांबा. दुर्बीण मागा, बहुधा देतील. मात्र त्यांचा थवा मोजून होईपर्यंत टाळ जरा थांबवा.