परिचयपत्राची नीती

परकीय अभ्यासक्रमात शिकलेल्या विद्यार्थ्याचे गुणपत्रक महाविद्यालयाच्या प्रवेशाधिकाऱ्यापुढे जाते, तेव्हा त्यासोबत शाळेने लिहिलेले परिचयपत्रही जाते. वरवर हा कार्यालयीन व्यवहार. मुळात तो भाषांतराचा, आणि म्हणूनच नीतीचा प्रश्न आहे.

१९६८ साली जिनीव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचे उदाहरण घ्यावे. त्याच्या पदविकेत सहा विषयांना प्रत्येकी ७ गुण, ज्ञानमीमांसा व ४,००० शब्दांपर्यंतचा प्रबंध यांना मिळून ३, असे एकूण ४५ गुण असतात. तेव्हा ३६ गुण म्हणजे ८० टक्के, हे गणित बिनचूक असूनही भाषांतर म्हणून चुकीचे ठरते. कारण येथील ७ ही गुणवत्तेची श्रेणी आहे, शंभरातला हिस्सा नव्हे. एवढे स्पष्ट करणे शाळेचे कर्तव्यच होय.

परंतु हा भाषांतरकार वकीलही असतो. आपल्या शाळेत कोणते विषय शिकवलेच जात नाहीत, हे तो लिहितो काय? न लिहिल्यास शाळेची उणीव विद्यार्थ्याच्या माथी बसते. लिहिल्यास शाळेची प्रतिष्ठा उणावते. शिवाय जागा मोजक्या असतात. ज्याच्या शाळेपाशी असा लेखकच नाही, तो मुलगाही त्याच जागेचा उमेदवार असतो. विशेषणांच्या बळावर मिळवलेली जागा कदाचित त्याच्याच वाट्याची असते.

म्हणून परिचयपत्राने स्तुती करू नये. विद्यार्थ्याला काय मिळाले आणि काय मिळू शकले नाही, एवढेच सांगावे. निवाडा वाचणाऱ्यावर सोपवण्यातच न्याय आहे.