रस्ता कोणाचा?

गेल्या हिवाळ्यांत एका घरगुती कार्यानिमित्त आम्ही नेकनूरला गेलों होतों. मांजरसुंब्याहून केजकडे जातांना लागणारें, बीड तालुक्यांतील हें एक मोठें बाजाराचें गांव. परत निघण्याचा दिवस नेमका बाजाराचा होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना भाजीचे ढीग व चहाचे गाडे. त्यांच्यापुढें मोटारसायकलींची रांग. तिच्यापुढें उभ्या केलेल्या जीपगाड्या. आणि या सर्वांतून उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांत उसाचे ट्रॅक्टर, मालमोटारी व माणसें एकमेकांस चुकवीत चाललेलीं. बीडकडे जाणारी एस्. टी. आली. तिला कडेला येण्यास जागाच नव्हती, म्हणून ती भर रस्त्यांत उभी राहिली. उतरणाऱ्यांत एक म्हातारी होती. एका हातांत गाठोडें घेऊन आणि दुसऱ्या हातानें दाराचा दांडा धरून तिनें पाऊल खालीं टाकलें, तोंच बस आणि उभ्या जिपा यांच्यामधून एक मोटारसायकल सर्रकन निघून गेली. म्हातारीनें पाऊल मागें घेतलें, क्षणभर ती थांबली आणि मग उतरली. "सांभाळून, आजी," कंडक्टर म्हणाला. "रोजचंच हाय की, लेकरा," असें म्हणत ती गर्दींत नाहींशी झाली.

बसमध्यें आम्हांस खिडकीजवळ जागा मिळाली आणि बीड येईपर्यंत आम्ही त्या एका पावलाचाच विचार करीत होतों. या प्रसंगांत दुष्ट असा कोणीच नव्हता. भाजीवाल्यास भाजी विकावयाची होती, जीपवाल्यास उतारू हवे होते, मोटारसायकलवाल्यास कोठें तरी वेळेवर पोंचावयाचें होतें. प्रत्येकाचें कारण योग्य होतें. आणि तरीहि या सर्व योग्य कारणांची बेरीज एका म्हातारीच्या पायाखालची जमीन काढून घेण्यांत झाली. जेथें अपराधी दिसत नाहीं तेथें अन्याय झालाच नाहीं, असें म्हणतां येईल काय? हा प्रश्न आम्हांस वाटतो तितका सोपा नाहीं.

नेकनूरच्या लोकांस दोष देण्याचा मात्र आम्हांस अधिकार नाहीं, कारण हेंच पाप आमच्या हातून पुण्यास घडलें आहे. एका संध्याकाळीं औषधें घ्यावयाचीं म्हणून आम्हीं आपली मोटार एका बसथांब्यापुढें उभी केली. दहाच मिनिटांचें काम, असें मनाशीं म्हटलें. तेवढ्यांत बस आली, आमच्या मोटारीमुळें ती रस्त्याच्या मध्यावर थांबली आणि एक वृद्ध गृहस्थ उतरत असतां मागून आलेल्या रिक्षानें करकचून ब्रेक दाबला. सुदैवानें कांहीं झालें नाहीं. ते गृहस्थ सांवरून आमच्याजवळ आले आणि किंचित् हंसून, अगदीं सरळ मनानें म्हणाले, "घाई होती वाटतं?" ते रागावले असते तर बरें झालें असतें. रागाला उत्तर देतां येतें, स्वतःचें समर्थन करतां येतें. त्यांच्या त्या समजूतदार हंसण्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं.

सार्वजनिक प्रवासी गाडी ही आमच्या समाजांत आलेली तशी अलीकडची वस्तु आहे. बीड जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानांत होता, तेथें निजाम सरकारच्या रेल्वेखात्यानें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं अशी वाहतूक सुरू केली. आणि मुंबई राज्यांत १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरला पहिली एस्. टी. गेली. या गाड्यांनीं माणसें वाहिलीं, एवढेंच त्यांचें काम नाहीं. ज्या समाजांत कोणी कोणाशेजारीं बसावें याचे निर्बंध शतकानुशतकें चालत आले, त्या समाजास बसच्या बांकानें, तिकीट काढलें कीं शेजारीं बसण्याचा अधिकार मिळतो, हें शिकविलें. परंतु गाडीच्या आंत जी समता आली ती गाडीच्या पायरीशीं येऊन थांबली. पायरीखालीं उतरतांच पुन्हां बळी तो कान पिळी.

येथें थोडा हिशोब केला पाहिजे. एका बसला रस्त्यावर साधारणतः तीन मोटारींइतकी जागा लागते. तिच्यांत चाळीस-पन्नास माणसें असतात. तीन मोटारींत बहुधा चार-पांच. म्हणजे गर्दीच्या रस्त्यावर बसमधील माणसास जितकी भूमि मिळते तिच्या आठ-दहापट मोटारींतील माणूस व्यापून बसतो, आणि वर बसमुळेंच अडथळा होतो अशी तक्रार करतो. कोलंबिया देशांतील बोगोटा शहराचे माजी महापौर एन्रिके पेन्यालोसा यांचें म्हणणें असें कीं, लोकशाहींत सर्व नागरिक समान असतील, तर शंभर उतारू नेणाऱ्या बसला एकट्या माणसाच्या मोटारीच्या शंभरपट रस्त्यावर हक्क आहे. त्या शहरांत २००० सालच्या अखेरीस बससाठीं वेगळ्या राखलेल्या मार्गिका सुरू झाल्या. आपल्या केंद्र सरकारच्या २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेंहि, वाहनें हलविण्यापेक्षां माणसें हलविणें महत्त्वाचें, हेंच तत्त्व स्वीकारलें आहे. तत्त्वाविषयीं अशा रीतीनें फारसा वाद उरलेला नाहीं. वाद आहे तो रस्त्याच्या रुंदीविषयीं. कारण धन वाढवितां येतें, विद्या दिल्यानें वाढते, पण दोन घरांच्या ओळींमधील रस्ता वाढत नाहीं. तेथें एकास दिलेला प्रत्येक हात दुसऱ्याकडून घेतलेला असतो. म्हणून रस्त्याची आंखणी हा केवळ स्थापत्याचा प्रश्न नसून वांटणीचा, म्हणजेच न्यायाचा, प्रश्न आहे.

हा न्याय साधावा कसा? आमच्यासारख्या शिक्षकी पेशाच्या माणसांना एक उत्तर लगेच सुचतें: लोकांना शिस्त लावा. तीस वर्षें वर्गांत उपदेश केल्यानंतर आम्हांस हें उत्तर पुरेसें वाटेनासें झालें आहे. वाहनाचा वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें. हा निसर्गाचा नियम चालकाची नीतिमत्ता पाहत नाहीं. सज्जन मनुष्यहि मोकळा, सरळ, रुंद रस्ता मिळाला कीं वेग वाढवितो, आणि घाईंत असला कीं थांब्यापुढें मोटार उभी करतो. दुसऱ्या गोष्टीची साक्ष आम्ही वर दिलीच आहे. २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. त्यांत ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं, आणि दुचाकींवरील माणसांचें प्रमाण शेंकडा चव्वेचाळीसहून अधिक होतें. या सर्वांचे प्राण दुर्जनांनींच घेतले असें मानणें म्हणजे देशांत दुर्जनांची संख्या फारच फुगविणें होय. बहुतेक ठिकाणीं एका सामान्य माणसाची सामान्य चूक झाली, आणि त्या चुकीस क्षमा करील असें रस्त्यावर कांहीं नव्हतें.

म्हणून आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, दुर्बळाचा जीव सबळाच्या चांगुलपणावर टांगता ठेवणें, हाच मुळीं अन्याय आहे; मग तो सबळ प्रत्यक्षांत चांगला असो वा नसो. घराला उंबरठा असतो तो येणाऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. आंत कोठून सुरू होतें हें पावलाला न सांगतां कळावें म्हणून तो असतो. रस्त्यासहि असे उंबरठे हवेत. पदपथ सलग व चालण्याजोगा रुंद असावा. थांब्याजवळ तो थोडा पुढें काढून बसच्या पायरीपर्यंत न्यावा, म्हणजे बसला कडेला वळावें लागत नाहीं, उतारूस खालीं उडी टाकावी लागत नाहीं आणि त्यामधून कोणासहि वाहन घालतां येत नाहीं. रस्ता ओलांडण्याची जागा उंच व अरुंद असावी, मध्यें क्षणभर उभें राहण्यास सुरक्षित ओटा असावा. वाहनें उभीं करण्याची व फेरीवाल्यांनीं बसण्याची जागा आंखून द्यावी. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर गेल्या दशकांत पदपथ रुंद करून बसण्यास बांकें ठेवलीं, तेव्हां तेथें म्हातारीं माणसें व मुलें निवांत दिसूं लागलीं. त्यांना कोणी निमंत्रण दिलें नव्हतें, दगडानें दिलें. उपदेश वर्षांतून एकदां रस्ता-सुरक्षेच्या अभियानांत होतो. दगड रोज, रात्रीं-बेरात्रीं, न थकतां तेंच सांगत राहतो.

परंतु दगड बसविला कीं न्याय झाला, इतकेंहि हें सोपें नाहीं, आणि याचा धडा पुण्यानेंच घालून दिला आहे. बससाठीं राखीव मार्गिकांचा देशांतील पहिला प्रयोग डिसेंबर २००६ मध्यें कात्रज–स्वारगेट–हडपसर या रस्त्यावर सुरू झाला. हेतु उत्तम होता. पण मार्गिका मध्येंच तुटत, थांबे रस्त्याच्या मधोमध असूनहि तेथवर पोंचण्यास पायीं चालणाऱ्यास निर्धोक वाट नसे, आणि मोटारसायकली त्या मार्गिकांत खुशाल शिरत. पुढें २०१५ सालीं पिंपरी-चिंचवडकडे अधिक विचारपूर्वक मार्ग झाले. पण पुण्याच्या नगर रस्त्यावरील मार्गिकेचा कांहीं भाग अलीकडे उखडण्यांतहि आला. दिल्लींत २००८ सालीं सुरू झालेल्या अशाच मार्गाविरुद्ध मोटारवाल्यांच्या बाजूनें न्यायालयांत दाद मागितली गेली. उच्च न्यायालयानें २०१२ सालीं ती मागणी फेटाळली. तरी कांहीं वर्षांतच सरकारनें तो मार्ग स्वतःहून मोडला. न्यायासनापुढें जो पक्ष हरला तो लोकमताच्या दरबारांत जिंकला. असें कां झालें? आम्हांस दोन कारणें दिसतात. अर्धवट न्याय हा पूर्ण न्यायाची बदनामी करतो, हें पहिलें. दुसरें असें कीं, बसमधील पन्नास माणसें गप्प असतात आणि मोटारींतील एकजण लिहितो, बोलतो, ओळखी काढतो. आमच्यासारखे लोक मासिकांतून लेख लिहितात. तेहि मोटारींतूनच हिंडतात.

यावर कोणी म्हणेल, दुकानदाराचें काय? गाडी दारांत उभी राहिली नाहीं तर गिऱ्हाईक येईल कसें? ही भीति खोटी नाहीं, व पोट ज्याचें त्यालाच कळतें. परंतु ११ डिसेंबर २०२१ रोजीं पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांस बंद करून केवळ पायीं फिरणाऱ्यांस मोकळा ठेवला होता, आणि तेथें माणसांचा दुष्काळ पडला नाहीं. गिऱ्हाईक म्हणजे मोटार नव्हे, मोटारींतून उतरलेलें माणूस होय. तें अर्धा फर्लांग चाललें म्हणून खरेदी विसरत नाहीं. फेरीवाल्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला हुसकून पदपथ मोकळा करणें म्हणजे एका दुर्बळाची जागा दुसऱ्या दुर्बळास देणें; म्हणून २०१४ च्या कायद्यानें त्याला जागा नेमून देण्याचें जें बंधन घातलें आहे तें योग्यच आहे. आणखी कोणी विचारील, आजारी बापाला दवाखान्यांत नेणाऱ्या मुलाची मोटारहि बसच्या मागें रखडावी काय? हा आक्षेप मात्र आम्हांस निरुत्तर करतो. रुग्णवाहिकेस राखीव मार्गिका मोकळी देतां येते. पण कांहीं प्रामाणिक माणसांचा कांहीं वेळ या वांटणींत खर्च होईलच. सर्वांचा फायदा होईल, कोणाचेंहि नुकसान होणार नाहीं, असें जे सांगतात ते न्याय स्वस्त करून विकतात. आम्ही एवढेंच म्हणूं कीं, कोणाचा तरी वेळ जाणारच असेल तर तो सांवलींत बसलेल्याचा जावा, उन्हांत उभ्या असलेल्याचा जाऊं नये. आणि एकाचा वेळ व दुसऱ्याचा जीव यांत निवड करावयाची असेल, तर ती करण्यास तत्त्वज्ञानाची गरज नाहीं.

मोठ्या शहरांस हें करण्यास आराखडे लागतात, कोट्यवधि रुपये लागतात. नेकनूरसारख्या गांवास बस थांबते तेवढी पंचवीस-तीस पावलांची जागा मोकळी ठेवणें, तेथें वीतभर उंचीचा ओटा बांधणें आणि बाजार त्या ओट्याच्या पलीकडे बसविणें, एवढ्यानेंहि आरंभ होईल. त्यासाठीं गांवानें एकदां बसून ठरवावें लागेल कीं, म्हातारीच्या पायरीखालची जमीन ही कोणाच्याहि सोयीसाठीं वांटून घेण्याची वस्तु नाहीं. असा ठराव करणें कठीण नाहीं. त्या दिवशीं ज्याची जीप तेथें उभी असेल त्यानें ती काढणें कठीण आहे. ती जीप बहुधा गांवांतील वजनदार माणसाची असेल, आणि शहरांत ती आमची असते.

ते वृद्ध गृहस्थ आम्हांस पुन्हां भेटले नाहींत. त्यांनीं क्षमा केली असें समजून आम्ही कांहीं दिवस समाधान मानलें. पुढें तेंहि टिकलें नाहीं. क्षमा करणें हा त्यांचा मोठेपणा होता. परंतु ज्या रस्त्यावर घरीं सुखरूप पोंचण्यासाठीं माणसाला रोज कोणाला तरी क्षमा करावी लागते, तो रस्ता अजून सर्वांचा झालेला नाहीं. त्या औषधांच्या दुकानीं आम्ही आतां पायीं जातों. वाट वीस मिनिटांची आहे, आणि तिच्यावर सलग पदपथ कोठेंच नाहीं.